बिनचावीची पोढी

घाटकोपरच्या डोंगरावर पाणी सोडायचं काम रतननं एकतीस वर्षं केलं. खांद्यावर माणसाएवढी लोखंडी चावी आणि डोक्यात प्रत्येक गल्लीच्या व्हॉल्व्हचे आटे. खालच्या गल्लीला अकरा, वरच्या चाळीला चौदा. आटे फिरवून झाले की चावी तशीच व्हॉल्व्हवर ठेवून तो तिच्या वरच्या टोकाला कान लावायचा आणि डोळे मिटायचा. रस्त्याच्या पोटातून पाणी कुठवर चढलं, हे त्याला ऐकू येई. "आलं बघा पिंपळापाशी," तो म्हणायचा, की पिंपळाजवळच्या बायका हंडे पुढं सरकवायच्या. असा कान त्या अख्ख्या डोंगरावर दुसरा नव्हता.

आता तो रिटायर होऊन घरात बसला होता. बायको राधा जाऊन वर्ष झालं होतं. तो रडला नव्हता. वाढलं की जेवायचा, चहा निवला तरी तसाच प्यायचा. हात फार वेळ पाण्यात राहिला की बोटं आपली वाटत नाहीत, तसं त्याला सगळं अंगच वाटायचं.

एका रविवारी त्याची मुलगी संघमित्रा म्हणाली, "पप्पा, चला कान्हेरीला. आई दर वर्षी बोलवायची, तुम्ही एकदा पण आला नाहीत."

"सुट्टी कुठं असायची?"

"आता आहे ना? उठा."

डोंगर उतरताना नळावर तेजल भेटली. "काका, गेल्या वर्षीच्या त्या दिवसासारखं पाणी परत नाय आलं हो! चारला आलेलं, आठपर्यंत धो धो. गोधड्या पण धुतल्या मी. झकास!"

रतन हसल्यासारखं करून पुढं झाला. संघमित्रा चपलेकडं बघत चालत राहिली.

तेजलला ठाऊक नव्हतं. तो राधाचा शेवटचा दिवस. चार वाजता रतननं व्हॉल्व्ह उघडला, तेवढ्यात दवाखान्यातून संघमित्राचा फोन आला. तीनदा आला. पोचला तेव्हा राधाला जाऊन दहा मिनिटं झाली होती. "खड्ड्यात वाकलो होतो, ऐकूच नाही आला," तो लेकीला म्हणाला. धावपळीत व्हॉल्व्ह बंद करायचा राहिला होता. एकतीस वर्षांतली तेवढी एक चूक, आणि लोक अजून तिचं कौतुक करत होते.

फोन ऐकू आला होता. वरच्या चाळीला दोन दिवस पाणी नव्हतं. उचलला तर जावं लागेल, म्हणून पाणी वर चढेपर्यंत त्यानं उचलला नाही. हे लेकीला सांगायचं तो वर्षभर ठरवत होता आणि तोंड उघडत नव्हतं.

कान्हेरीला लोक मूर्तींपुढं थांबत होते. रतन कातळात खोदलेल्या पन्हळीमागं निघाला. माथ्यावरून उतरत, वळण घेत ती पन्हळ एका लेण्याच्या अंगणात आली होती. तिथं जमिनीत चौकोनी तोंड, आत काळंशार पाणी. त्यानं उकिडवं बसून पन्हळीच्या तळावरून बोट फिरवलं.

"उतार बघ, मित्रा. बोटभर चुकला असता तर पाणी ओसरीत शिरलं असतं. छिन्नीनं केलंय हे. कामगार होता, कामगार."

"ह्याला पोढी म्हणायचे. एक पोढी कुणा सोनारानं दान दिली, तसा लेख आहे इथं."

"देणाऱ्याचं नाव राहिलं. खोदणाऱ्याचं?"

"नाही."

"बरं. आणि पाणी सोडायला कोण यायचं?"

"कोण कशाला? पाऊस पडतो, पन्हळीतून येतो, भरते."

"बंद?"

"चावी नाहीये ह्याला, पप्पा," ती हसून म्हणाली.

रतन खाली बसला. इतक्या शतकांत इथं कुणी वेळेवर आलं नव्हतं, आणि पाणी होतं. त्या दिवशी तो चावी टाकून गेला असता, तर काय झालं असतं? बायकांनी शिव्या घातल्या असत्या. नंदू मुकादम ओरडला असता. बस्स, तेवढंच. सवयीनं त्यानं कातळाला कान लावला. काही ऐकू आलं नाही. पाणी उभं होतं.

कान तसाच ठेवून तो म्हणाला, "मित्रा, फोन ऐकू आला होता. तिन्ही वेळा."

"माहितीये."

त्यानं मान वर केली.

"रस्त्याखालचं पाणी ऐकणारा माणूस तुम्ही. खिशातला फोन ऐकू येत नाही होय?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. वर्ष लावलंत." तिनं पिशवीतून बाटली काढली. "त्या दिवशी आई शेवटी विचारत होती, वरच्या चाळीला पाणी चढलं का. मी म्हटलं, चढलं."

रडू येईल, असं रतनला वाटलं. तो वाट बघत बसला. आलं नाही. लेकीनं दिलेली बाटली त्यानं दोन्ही हातांनी धरली, आणि ती गार आहे एवढं मात्र त्याला कळलं.

थोड्या वेळानं त्यानं घड्याळ पाहिलं. "चार वाजले."

"वाजू द्या," संघमित्रा म्हणाली.

तो उठला नाही.