अण्णांच्या टोकणयंत्राचा पुरावा

मंडळी, सकाळपासून जिवाला घोर लागलाय.

माझे वडील, अण्णा, मुरुम गावात बी टोकायचं हातयंत्र बनवतात. अगदी तसल्याच यंत्राचं पेटंट घेऊन एका कंपनीनं आम्हालाच नोटीस धाडलीय. वकील म्हणाले, "त्यांच्या अर्जाआधीच हे यंत्र लोकांपुढं होतं, असा तारखेचा पुरावा आणा."

म्हणून आज अण्णा आणि मी लोहाऱ्याला शिवाप्पाकाकांकडं गेलो. पंधरा वर्षांपूर्वी अण्णांकडून नेलेलं यंत्र त्यांच्या गोठ्यात सापडलं, पण त्यावर तारीखच नाही.

"तवा कृषी प्रदर्शनात पेपरवाल्यानं ह्याचा फोटो काढलता की," काका म्हणाले. "पण कात्रण वाळवीनं खाल्लं."

परतताना जीपमध्ये अण्णा हळूच म्हणाले, "म्या चोर न्हाय गं."

लोहाऱ्याच्या त्या प्रदर्शनाचा फोटो नाहीतर जुना पेपर तुमच्या घरात कुठं असेल का? एकदा बघाल?