न गंजणारा पाइप

मुलगी सहा महिन्यांची होत आली होती आणि तिच्या उष्टावणाची तारीख ठरली होती. तोवर तिच्या पोटात माझ्या दुधाशिवाय काही गेलं नव्हतं. बाळंतपणाला रिसालीला माहेरी आलेली मी अजून तिथंच होते. खीर कुठल्या पाण्यात शिजवायची, हा प्रश्न आमच्या घरात कोणाला पडला नसता. मला पडला, कारण मोबाइलवर वाचलं होतं की काही जुन्या पाइपांतून पाण्यात शिसं उतरतं आणि लहान मुलांच्या मेंदूला ते सगळ्यात जास्त बाधतं. मी केमिस्ट्रीची बी.एस्सी., अख्ख्या खानदानात पहिली. असं काही वाचून गप्प बसणं मला जमत नाही.

आधी हार्डवेअरच्या दुकानात गेले. आमचं गाव हिंदी मुलखातलं; घरात मराठी, बाहेर हिंदी, त्यात जीभ घसरली. "भैया, पाइप में शीशा रहता है क्या?"

"दीदी, शीशे का पाइप फूट नहीं जाएगा?"

तो काच समजला. चूक माझीच, शिशाला हिंदीत सीसा म्हणतात. समजावून सांगायच्या आत दुकानातले सगळे हसले. मी घरी परतले आणि फ्रिजवरचं चुंबक काढलं.

टाकीवरून येणाऱ्या पाइपाला ते चटकन चिकटलं, म्हणजे लोखंड. बाथरूममध्ये प्लास्टिक. स्वयंपाकघरात ओट्याखाली मात्र हातभर लांब राखाडी पाइप निघाला. भिंतीतून नळापर्यंत गोल वळलेला, मध्ये एल्बोचा जोड नाही. चुंबक लावलं, पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. नाण्यानं खरवडलं तर चर पडला आणि आत चांदीसारखं चमकलं.

"ओट्याखाली घुसून काय करून राहिली व?" मागे बाबा उभे. इथल्या पोलादाच्या प्लांटमधून फिटर म्हणून रिटायर झालेले.

"बाबा, हा पाइप शिशाचा आहे वाटते."

"वाटते काय? आहेच. मले विचारलं असतं तर सांगितलं असतं."

घर बांधताना त्यांनी तो हथखोजच्या एका कबाड्याकडून भंगारात आणला होता आणि स्वतः वाकवून बसवला होता. जन्मभर गंजाशी भांडलेला माणूस! "लोखंड गंजते. हे बारा वर्षांत गंजलं का? पाह्य."

मी वाचलेलं सगळं सांगितलं.

"याच पाइपचं पाणी पिऊन तू बी.एस्सी. झाली," बाबा म्हणाले.

"मी उकळून देईन नं पाणी," आई गॅसपाशी उभी राहून म्हणाली.

"उकळून जंतू मरतात, आई. शिसं नाही जात. पाणी आटते, शिसं तेवढंच राहते."

"झाली हिची शाळा सुरू," आई बाबांना म्हणाली.

मला कोणाला हरवायचं नव्हतं. कॉलेजात मी शिसं पाहिलं ते बाटलीतल्या पांढऱ्या पावडरीत. बाबांनी ते हातानं वापरलं होतं. म्हणून विचारलं, प्लांटमध्ये शिशाचं काय काम करायचात?

बाबा खुलले. ओतीव बिडाच्या पाइपांच्या जोडात वितळलेलं शिसं ओतायचं, थंड झालं की ठोकून बसवायचं. "पण त्या कामावर डबा उघडू देत नव्हते. बिडी बी नाही. साबणानं हात धुवा, मंग जेवा."

"कावून?"

"कावून म्हणजे? पोटात जाते न ते..."

बाबांनी पाइपाकडे पाहिलं. मग ते खाली वाकले आणि कॉक बंद केला.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच तो पाइप काढला आणि प्लास्टिकचा बसवला. नळाच्या तोंडाच्या जाळीत शिशाचे कण अडकतात, म्हणून तीही काढून धुतली. नळाच्या पितळेतही थोडं शिसं असू शकतं, म्हणून सकाळचं पहिलं पाणी आता बादलीत धरून आम्ही लादी पुसायला वापरतो आणि स्वयंपाकाला गीझरचं गरम पाणी घेत नाही. नळ रात्रभर बंद ठेवून पहिल्या धारेची बाटली भरली आणि तपासायला दिली. ते पाणी ठीक निघालं. माझं रक्तही तपासलं. शिसं होतं, पण थोडं, आणि दूध पाजत राहा असं डॉक्टर म्हणाल्या. बाबांच्या रक्तात माझ्याहून जास्त निघालं. "प्लांटमधलं असन," ते म्हणाले. असेलही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं आहे.

उष्टावणाचा पहिला घास मामानं द्यायचा; मुलीला मामा नाही, म्हणून तो मान बाबांना. नवीन पाइपाच्या पाण्यात शिजलेली तांदळाची खीर होती. बाबांनी तिला मांडीवर घेतलं, चमचा भरला, तिच्या ओठांपर्यंत नेला आणि माझ्याकडे पाहिलं.

"देऊ का?"

मी कॉलेजात जायचं की नाही, हेसुद्धा त्यांनी मला न विचारता ठरवलं होतं.

"द्या," मी म्हटलं.

पोरीनं अर्धी खीर गिळली आणि अर्धी त्यांच्या नव्या शर्टावर थुंकली.