दोन जीबी म्हणजे किती गुंठे

आमच्या घरातली जागा पहिल्यांदा कमी झाली ती मामा राहायला आले तेव्हा. त्यानंतर दोनेक महिन्यांनी कॉम्प्युटरमधली कमी व्हायला लागली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं कुणी मला तेव्हा सांगितलं असतं, तर मी त्याला चहा न पाजता घालवला असता.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ, गंगापूरकडचे. तिकडं सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दांडी मारली होती आणि मामांनी विहीर इतकी खोल नेली होती की वाकून बघितलं तर पृथ्वीच्या पलीकडची माणसं वर बघताना दिसायची. निदान मामा तरी तसं सांगायचे. मुकुंदवाडीच्या पुढं त्यांनी कधीकाळी एक प्लॉट घेऊन ठेवला होता. घेतला तेव्हा तिथं कोल्हे होते. पुढं शहर चालत चालत तिथवर आलं, शेजारी बंगला उठला आणि बंगल्याचं कुंपण हातभर मामांच्या प्लॉटात शिरलं. मोजणी आणायची, कुंपण मागं सरकवायचं आणि परत जायचं, एवढ्या कामासाठी मामा चार दिवसांचे कपडे घेऊन आले. मोजणीची तारीख पुढं जात राहिली. मामांना आमच्याकडं चार महिने झाले.

आमचा फ्लॅट दोन खोल्यांचा. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही आलं तर. ते आलं की घरातल्या वाट्या-चमचे सोडून सगळ्यांत भरून ठेवायचं. एकदा भांडी संपली तेव्हा बायकोनं माझ्या हेल्मेटकडं फार विचारपूर्वक बघितलं होतं. अशा घरात चार महिन्यांचा पाहुणा म्हणजे भांडणाला सोन्यासारखं निमित्त. पण बायको मामांवर खूश होती. ती कॉलेजात मराठी शिकवायची आणि सहा वर्षांपासून प्रबंध लिहीत होती, मराठवाडी बोलीतल्या उर्दू-फारसी शब्दांवर. मी ज्याला कटकट म्हणायचो त्याला ती माहितीदार म्हणायची. मामा तोंड उघडायचे, ती फोनवर रेकॉर्डिंग सुरू करायची. मामांचा साधा बोलायचा आवाज दौलताबादच्या किल्ल्यावरच्या माकडांना दचकवणारा. जमीन, हद्द, कब्जा, बांध, भाऊबंदकी असं दोन महिने रेकॉर्डिंग झालं आणि पुढचे दोन महिने बसून तिनं त्यातून पाचवं प्रकरण लिहिलं. प्रबंधातलं सगळ्यात मोठं आणि तिच्या सरांनी पहिल्यांदाच ज्याला चांगलं म्हटलं ते.

प्रबंध द्यायची मुदत दोनदा वाढवून झाली होती. तिसऱ्यांदा वाढणार नव्हती. त्या तारखेला प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द आणि सहा वर्षं पाण्यात. अर्थात पाणी असतं तर.

मुदतीला एकोणीस दिवस उरले असताना एका सकाळी कॉम्प्युटरनं सांगितलं की डिस्क भरलीय, फाइल ठेवायला जागा नाही.

कॉलनीत मी कॉम्प्युटरमधला जाणकार होतो. वरच्या मजल्यावरचा अडलेला प्रिंटर मी एकदा बाजूनं चापट मारून चालू केला होता, तेव्हापासून. त्यामुळं मी बायकोला बाजूला सारलं, खुर्चीत बसलो आणि डिस्कवर साठवलेले माझे दहा जीबीचे सिनेमे जड अंतःकरणानं पुसून टाकले. झाली जागा. पाचव्या दिवशी पुन्हा तोच निरोप. दहाच्या दहा जीबी गायब. घरात कुणी काही भरलं नव्हतं, उतरवलं नव्हतं. बायको रोज दोन-तीन पानं लिहायची; दोन-तीन पानांना दोन जीबी लागायला ती काय दगडावर कोरत नव्हती.

मी ओळखीच्या रिपेअरवाल्याला बोलावलं. हा माणूस तोंडात पान ठेवून यायचा आणि कुठल्याही आजारावर एकच औषध द्यायचा. वायर निघाली असली तरी तेच.

"व्हायरस है भाई," तो मशीन न उघडताच म्हणाला. "फॉरमॅट मारना पडेगा."

"फॉरमॅट नको," बायको म्हणाली.

"मग चालूच द्या बाई. व्हायरस पण लेकरंबाळंवालाच असतोय."

फॉरमॅट का नको, तर फॉन्टमुळं. सहा वर्षांपूर्वी प्रबंध सुरू झाला तो एका जुन्या मराठी फॉन्टात. ज्यानं तो फॉन्ट मशीनमध्ये घातला तो पुण्याला गेला, तिथून कुठं गेला ते त्याच्या घरच्यांनाही माहीत नव्हतं. ती फाइल दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडली की कंस, टक्के आणि तुटक्या इंग्रजी अक्षरांचा खिमा दिसायचा. म्हणजे प्रबंध वाचता येणारं मशीन जगात एकच, आमचं, आणि ते पुसायचं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एका मित्राला फोन लावून रडगाणं गात होतो. "अरे, रोज दोन जीबी जागा जाते. कोण खातंय तेच कळत नाही."

पलंगावर आडवे पडलेले मामा ताडकन उठून बसले. बावीस वर्षं बांधाची केस चालवलेला माणूस. जागा आणि खातंय हे दोन शब्द एका वाक्यात आले की त्यांना झोप लागत नसे.

"कुठली जागा?"

"कॉम्प्युटरमधली, मामा."

"दोन जीबी म्हंजे किती गुंठे?"

मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, डिस्क म्हणजे एक जमीन समजा, एकशे साठ जीबीची. मामांनी एवढंच ऐकलं. पुढचं ऐकायची त्यांना गरज वाटली नाही.

"मोजली का?"

"काय मोजायचं? वर आकडा दिसतोच की."

"तो सरकारी आकडा. भाचेबुवा, जागा कोण खातंय हे इचारायचं नसतं. कोनी सांगत नाय. काल किती होती, आज किती हाय आन् कोनाच्या बांधाकडनं सरकली, ते बघायचं. वही आन."

पुढचे तीन दिवस घरात मोजणी चालली. सकाळी आणि संध्याकाळी मी एकेका फोल्डरचं माप काढून ओरडायचो आणि मामा वहीत लिहायचे. फोल्डरला ते गट नंबर म्हणायचे. माझ्या फोटोंचा गट, गाण्यांचा गट, बायकोच्या प्रबंधाचा गट, आणि मशीनचं स्वतःचं ते गायरान. बायको येता-जाता बघायची. मुदतीला दहा दिवस उरले होते आणि तिचा नवरा मामाबरोबर कॉम्प्युटरची जमाबंदी करत होता.

तिसऱ्या संध्याकाळी मामांनी बेरीज केली. सगळे गट मिळून अडतीस जीबी. ते तीन दिवस जराही हललेले नव्हते.

"आन् सरकारी आकडा काय म्हन्तो?"

"एकशे अठ्ठावन्न भरलेत म्हणतो."

"मग एकशे वीस कुठं गेले?"

"मशीन बिघडलंय, मामा. वेडंवाकडं दाखवतंय."

मामांनी चष्मा काढला, धोतराला पुसला. "पोटखराबा धरला का?"

शेतीचा गंध नसलेल्यांसाठी सांगतो. सातबाऱ्यावर जमिनीचं जे क्षेत्र असतं, त्यात थोडा पोटखराबा असतो. खडक, नाला, काहीच पेरता येत नाही अशी जागा. बघणाऱ्याच्या ती खिजगणतीत नसते, पण असते आपल्याच हद्दीत आणि बेरजेत धरावी लागते.

"कॉम्प्युटरात कुठला आलाय पोटखराबा?" मी हसत म्हणालो आणि अर्ध्यातच थांबलो. कारण असतो. लपवलेल्या फाइली असतात. मशीनला सांगितल्याशिवाय दिसत नाहीत. कॉलनीतल्या जाणकाराला हे आठवायला गंगापूरकडचा सातबारा लागला.

मी लपवलेलं दाखव म्हणून खूण केली आणि पडद्यावर एक फिकट फोल्डर उगवलं. नाव: हात लावू नये. माप: एकशे वीस जीबी.

आत साठ फोल्डर, प्रत्येकावर एकेका दिवसाची तारीख. एकातली एक फाइल मी उघडली आणि खोली दणाणली. "तर सूनबाई, कब्जा येगळा आन् मालकी येगळी..."

मामा इकडंतिकडं बघायला लागले. "हा तर माझाच आवाज."

"तुमचाच. प्रत्येक फोल्डरात तुम्हीच आहात. दोन दोन जीबीचे. मामा, ही जागा तुम्ही खाल्लीत."

बावीस वर्षं दुसऱ्याचं अतिक्रमण शोधणारा माणूस स्वतः अतिक्रमणात सापडला. मी तो चेहरा डोळे भरून बघून घेतला. फार वेळ मिळाला नाही.

"बसलो असंन," मामा शांतपणे म्हणाले. "पन मला तिथं बसवलं कोनी? ही पाटी कोनी लावली, हात लावू नये म्हून?"

आणि मला आठवलं.

दोन महिन्यांपूर्वी बायकोनं विचारलं होतं की प्रबंधाची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवू का. मी म्हणालो होतो, "मी असताना पेन ड्राइव्ह कशाला?" एका दुपारी मी फुकटातला एक प्रोग्राम घातला होता. रोज एकदा तिच्या प्रबंधाच्या अख्ख्या फोल्डरची, म्हणजे मामांच्या रेकॉर्डिंगसकट, त्यानं एक प्रत काढून ठेवायची. तिच्या हातून चुकून पुसली जाऊ नये म्हणून ते मीच लपवलं होतं, पाटीही मीच लावली होती, आणि मग मी हे सगळं इतकं पक्कं लपवलं की माझ्यापासूनही लपलं.

"मामा," मी आवाज खाली आणला, "हे आपल्या दोघांत राहू द्या. ती स्वयंपाकघरात आहे. हे एकशे वीस मी आत्ता एका झटक्यात उडवतो. जागा मोकळी. मी दुरुस्त केलं म्हणून सांगतो, तुमचंही नाव घेतो."

मी सगळे फोल्डर निवडले. बोट बटणावर नेलं. मामांनी माझं मनगट धरलं. बैलाचं शिंग धरायची सवय असलेला हात, मला काही हलवता येईना.

"पाडापाडी करायच्या आधी वहिवाट बघ."

"कसली वहिवाट? सगळ्या एकाच फाइलीच्या प्रती आहेत."

"कागदावर नाव कोनाचं, ते सोड. कसतंय कोन? शेवटचा नांगर कुठं चालला, कोनत्या तारखेला, ते सांग."

त्यांचं समाधान व्हावं म्हणून मी तारखा बघितल्या. आधी मूळ प्रबंध. शेवटचा बदल: दोन महिन्यांपूर्वी. म्हटलं असं कसं, बायको तर रोज लिहिते. मग लपवलेल्या प्रती. दुसरी, तिसरी, दहावी, साठावी, सगळ्यांत तीच दोन महिन्यांपूर्वीची शिळी फाइल. आणि सगळ्यात पहिली प्रत. शेवटचा बदल: आज सकाळी.

त्या दुपारी आणखी एक शहाणपण केलं होतं मी. बायकोच्या सोयीसाठी पडद्यावर एक चित्र आणून ठेवलं होतं, त्यावर टिचकी मारली की प्रबंध उघडायचा. ते मी मूळ फाइलवरून आणायच्या ऐवजी पहिल्या प्रतीवरून ओढून आणलं होतं. म्हणजे दोन महिने ती पोटखराब्यात पेरत होती. अख्खं पाचवं प्रकरण तिथं उगवलं होतं, जगात फक्त तिथं, आणि माझा प्रोग्राम रोज निष्ठेनं ओसाड रानाच्या प्रती काढत होता. मी दोन्ही हात बटणांपासून लांब नेऊन मांडीखाली दाबले.

"सूनबाईला बोलाव," मामा म्हणाले.

"मामा, थोडं..."

"पंचनामा झाल्याबिगर मी उठनार नाय."

बायको हात पुसत आली. मी सांगितलं. सुरुवात प्रोग्रामांच्या तांत्रिक मर्यादांपासून केली, पण मामा दर वाक्याला "आन् खरं काय ते सांग" म्हणत राहिले आणि शेवटी मी खरं ते सांगितलं, बटणावर बोट होतं तेही. तिनं ऐकून घेतलं. आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "उठा." मी उठलो. खुर्चीत ती बसली.

"मामा, तारखा वाचा."

मामा पडद्याला नाक लावून तारखा वाचत गेले. तिनं आधी पहिली प्रत बाहेर काढून मूळ जागेवर आणली, उघडून पाचवं प्रकरण पानापानानं तपासलं, पेन ड्राइव्हवर घेतली, दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घेतली. मग एकेक फोल्डर पुसायला सुरुवात केली. साठ वेळा. सगळे एकदम पुसता येतात असं मी दारातून सुचवलं तेव्हा दोघांनीही मागं वळून बघितलं नाही. शेवटी तिनं माझा प्रोग्रामही पुसला आणि मला विचारलं, "आणखी काही आहे का तुमचं यात?" मी नाही म्हणालो. मामा म्हणाले, "लिहून घे."

पुढच्या आठवड्यात घरच्या प्रिंटरवर प्रबंध निघाला. मामा प्रत्येक पानाला पट्टी लावून डावीकडचा दीड इंच बांध मोजत होते. दोन पानं त्यांनी हद्द ओलांडली म्हणून परत छापायला लावली. मुदतीच्या आदल्या दिवशी बायको बांधलेल्या प्रती घेऊन विद्यापीठात गेली आणि दुपारी शिक्का मारलेली पोच घेऊन आली. मी दारातच हात पुढं केला. म्हटलं, दे इकडं, नीट ठेवतो.

ती माझ्या हाताला वळसा घालून आत गेली आणि पोच मामांकडं दिली.

"तुमच्याजवळ राहू द्या, मामा. यांच्याकडं दिली तर उद्या तिच्या साठ निघतील आणि खरी कोणती ते कुणाला कळायचं नाही."

मामांनी शिक्का उजेडात धरला, तारीख दोनदा वाचली आणि कागदाची घडी घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली.