ऊन खाल्लं का?

"काऊन काका, ऊन खाल्लं का?" असं विचारत तो दार न वाजवता खोलीत घुसायचा. ना जेवलात का, ना बरे आहात का, थेट ऊन खाल्लं का! असला आगाऊ माणूस तुमच्याही वाट्याला आला असेल, म्हणून सांगतो.

आमचा कामगारांचा कॅम्प आखातात, जबल अलीला. मी कोल्ड स्टोअरमध्ये खोकी लावायचो. हिवाळ्यात बस उजाडायच्या आत निघायची, परत यायची ती अंधार पडल्यावर. तो कॅम्पचा नर्स, नागपूरचा, डिप्लोमावाला. मी चौथी नापास, पण कुणाचं ऐकून घेणारा नव्हे.

त्या हिवाळ्यात मला जेवण जाईना. शुक्रवारी सुट्टी असली तरी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचो. त्यानं अख्ख्या खोलीसमोर जाहीर केलं, "काका, ही थंडीतली उदासी आहे. ऊन नाही, मासा नाही, नुसता डाळभात. अंगातलं डी व्हिटॅमिन संपलं तुमच्या."

"उदास तुझा बाप!" मी म्हणालो. हा म्हातारा डोक्यानं ढिला झाला असं कंपनीच्या कानावर गेलं, की खलास. तिकीट हातात आणि चल गुहागरला. धाकटीचं लग्न व्हायचं होतं. त्यानं दिलेल्या माशाच्या तेलाच्या गोळ्या त्याच्यादेखत बाहेर भिरकावल्या. "आम्ही कोकणातले. मासा ताटात खातो, गोळीत नाही."

पुढच्या शुक्रवारी निर्लज्ज परत हजर. मेसमधून तळलेले बांगडे घेऊन उन्हातल्या भिंतीशी खोकं उलटं टाकून बसला. गोळी फेकता येते हो, बांगडा कसा फेकणार? गेलो.

नागपूरकर बांगडा खायला बसला आणि काटा घशात! डोळे पांढरे. मी पाठीत गुद्दा घातला, कोरड्या भाताचा गोळा गिळायला लावला आणि पोट धरून हसलो. वैऱ्याची फजिती कुणाला आवडत नाही?

"बाप्पा! हसले ना काका!" तो खोकत म्हणाला. मी शिवी हासडली.

मग दर शुक्रवारी तेच. गोळीही गिळायचो, नाहीतर त्याचं तोंड बंद होत नसे. गुण गोळीनं आला, उन्हानं की बांगड्यानं, मला विचारू नका.

एकदा फोरमननं भर दुपारी मला बाहेर उन्हात जाऊन बसायला सांगितलं. झालं, आता तिकीट हातात! त्या नर्सनं तोंड उघडलं म्हणायचं!

फोरमन म्हणाला, "नर्स ने बताया. कमर कैसी है?"

माझी कंबर ठणठणीत होती. खोटारडा मेला!

कॉन्ट्रॅक्ट संपून तो गेला, तेव्हा मी दारापर्यंतही गेलो नाही.

पुढच्या हिवाळ्यात त्याच भिंतीशी खोकं टाकून बसलो होतो. नवा नर्स आला. "काय होतंय, काका?"

मी कंबरेवर हात ठेवला.