तळवड्यापर्यंत आजारी, पुढे नोकरीवाले

"नाव लिहू का?"

हे विचारताना काकांचा उजवा हात खिशातल्या पेनाकडे आधीच गेलेला असायचा. कंपनीच्या बसमध्ये कुणी सहज बोलून गेलं, की पोराला ताप आहे, मेव्हण्याचं काम सुटलं, बहिणीचं कुठं जमत नाही, की मागच्या सीटवरून हा प्रश्न यायचा. नवीन माणूस दचकायचा. कुणाला वाटायचं हे युनियनवाले, कुणाला वाटायचं विमा एजंट. ते ख्रिस्ती आहेत हे कळल्यावर एक-दोघे तर सीट बदलून बसले होते. काका त्यावर हसायचे. म्हणायचे, "अरे, धर्म तुझा तुझ्याकडेच राहू दे. मला फक्त नाव दे. देवाशी बोलताना कुणाबद्दल बोलतोय ते सांगायला नको का?"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना टाळावं तर वाईट वाटतं, आणि त्यांच्याजवळ बसावं तर आपण न सांगायच्या गोष्टी सांगून बसतो. निगडीहून चाकणला जाणाऱ्या आमच्या पहिल्या पाळीच्या बसमध्ये मी चार वर्षं त्यांच्या शेजारी बसलो. कंपनी ब्रेकचे सुटे भाग बनवते. मी मेंटेनन्सला होतो आणि काका फायनल इन्स्पेक्शनला, म्हणजे तयार माल गाडीत चढण्याआधी जो शेवटचा हात लागतो, तो त्यांचा. त्यांनी मापून शिक्का मारल्याशिवाय एक नग बाहेर जायचा नाही. पिंपरीतल्या त्यांच्या चर्चच्या मंडळीत ते वडील, म्हणजे एल्डर होते, उपासनेत पुढे उभे राहून प्रार्थना करायचे. बसमध्ये पोरं त्यांना चिडवायला पास्टर म्हणायची. "पास्टर नाही रे, इन्स्पेक्टर," असं ते दर वेळी तितक्याच गंभीरपणे सांगायचे.

नावं लिहायला त्यांच्याकडे कंपनीचंच एक जुनं तपासणीचं रजिस्टर होतं. छापील रकाने तसेच होते: क्रमांक, नाव, दोष, शेरा. नावाच्या रकान्यात माणूस, दोषाच्या रकान्यात त्याची अडचण. अडचण सुटली की शेऱ्यात हिरव्या शाईने 'ओके'. रोज सकाळी बस सुटली की ते मांडीवर रजिस्टर उघडायचे आणि ओठ हलवत एकेक नाव घ्यायचे. त्यांचा हिशोब ठरलेला होता. तळवड्यापर्यंत आजारी माणसं, महाळुंग्यापर्यंत नोकरीवाले, आणि तिथून कंपनीच्या गेटपर्यंत लग्नाळू मुलंमुली. तळवड्याच्या चौकात बस अडकली की सगळे ट्रॅफिकच्या नावानं बोटं मोडायचे. काका मात्र खूश असायचे. आजाऱ्यांना जरा जास्त वेळ मिळायचा.

मोघम काही सांगितलेलं त्यांना चालत नसे. एकदा आमच्या स्टोअरच्या माणसानं पोट दुखतंय म्हणून सांगितलं. "कुठं? वर की खाली? जेवणाआधी की नंतर?" काकांनी पेन रोखून विचारलं.

"काका, तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. पण नेमका दोष लिहिल्याशिवाय आपण माल पुढं सोडतो का?"

मग आमच्या लाइनवर कॅमेरे आले. एआयवाले. नग पट्ट्यावरून सरकतो, वरून कॅमेरा बघतो, बारीकशी चीर असली तरी लाल दिवा लागतो. ते बसवायचं काम माझ्याकडे होतं, आणि खरं सांगायचं तर काकांसमोर उभं राहायची मला लाज वाटत होती. आठ-पंधरा दिवस कॅमेरा आणि काका दोघंही तपासत होते. एके दिवशी काकांनी शिक्का मारलेल्या नगावर लाल दिवा लागला. मी नग उचलून पाहिला. चीर होती. केसाएवढी, पण होती.

मी तो नग गुपचूप बाजूला ठेवणार होतो. काकांनी तो माझ्या हातातून घेतला आणि तडक मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. मला काचबिंदू झालाय, डाव्या डोळ्यानं जवळजवळ दिसत नाही, मला या जागेवरून हलवा, असं स्वतःच्या तोंडानं सांगून आले. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. कंपनीनं त्यांना नवीन पोरांना शिकवायला बसवलं.

जागा गेल्याचं त्यांना फारसं वाटलं नाही. त्यांना खात होती ती दुसरीच गोष्ट. आठवड्याभरानं बसमध्ये त्यांनी रजिस्टर उघडलं, भिंग काढलं, आणि थोड्या वेळानं दोन्ही मिटून ठेवलं.

"अक्षर लागत नाही रे," ते म्हणाले. "तीनशेच्या वर नावं आहेत. मी प्रत्येकाला सांगून बसलोय, रोज घेतो म्हणून. आता ही माणसं काय वाऱ्यावर सोडू?"

कुणाची अडचण दिसली की माझे हात शिवशिवतात. घरचे म्हणतात, याला विचारायच्या आधीच हा स्क्रूड्रायव्हर घेऊन उभा. मी त्यांच्या फोनवर एआयचं ॲप टाकून दिलं, रजिस्टरच्या एकेका पानाचा फोटो काढला, आणि त्या यंत्रानं काकांचं कोंबडीच्या पायांचं अक्षर धडाधड वाचून दाखवलं. काका चाट पडले. त्यांच्या मंडळीत कुणीतरी शंका काढली, प्रार्थनेत असलं यंत्र चालतं का म्हणून. काकांनी आपला चष्मा काढून त्याच्या हातात दिला. "हेही यंत्रच आहे. हे घालून बायबल वाचलेलं चालतं ना?" विषय तिथंच मिटला.

घोळ झाला तो पुढे. हे ॲप फार सेवाभावी. नावं वाचून झाली की ते विचारायचं, या सर्वांसाठी एक सुंदर प्रार्थना तयार करून देऊ का? एकदा काका हो म्हणाले. आणि खरोखरच सुंदर प्रार्थना आली. हे करुणामय पित्या, व्याधीच्या अंधारात तुझ्या प्रेमाचा प्रकाश, वगैरे. आजारी एका वाक्यात, नोकरीवाले एका वाक्यात, लग्नाळू एका वाक्यात. काकांचं स्वतःचं मराठी अगदी साधं. त्यांना ते ऐकून भरून आलं. मग ते रोज कानात इअरफोन घालून तीच प्रार्थना ऐकायचे आणि शेवटी आमेन म्हणायचे. तळवडं यायच्या आत तीनशे माणसं उरकायची. पुढचा सगळा रस्ता काका खिडकीबाहेर बघत बसायचे. आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घ्यायचो.

याच सुमारास माझ्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. आई औशाहून चिखलीला माझ्याकडे आलेली, आणि ऑपरेशनच्या नावानं तिनं धसका घेतला होता. अन्न जाईना. औशाला परत सोड, लंगडी राहीन पण टेबलावर झोपणार नाही, असं चाललेलं. मी काकांना सांगितलं. आदल्या दिवशी संध्याकाळी ते घरी आले. आईच्या देव्हाऱ्यात तुळजाभवानी होती. चपला दारातच काढून ते आईसमोर बसले, हात जोडले, आणि फोन डोळ्यांजवळ धरून मोठ्या अक्षरांतली प्रार्थना वाचली. ॲपकडून खास तयार करून आणली होती. माझ्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. आई म्हणाली, "किती गोड बोलला माणूस." पण रात्री ती जेवली नाहीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात पोचलो तर काका आमच्या आधी येऊन वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेले. कधी नव्हे ती सुट्टी टाकली होती. चेहरा उतरलेला.

"काय झालं काका?"

"काल माझ्याकडून चूक झाली. मी माप न घेता शिक्का मारला." मला कळेना. ते म्हणाले, "वाचत होतो तेव्हा तुझ्या आईकडं मी एकदाही बघितलं नाही रे. कुठला गुडघा ते पण मला माहीत नाही. बत्तीस वर्षांत असं एका लोखंडाच्या नगाला केलं नाही, आणि माणसाला केलं. रीवर्क करू दे मला."

आई स्ट्रेचरवर होती. काकांनी फोन माझ्या हातात दिला, तिच्या अगदी जवळ वाकले आणि विचारलं, "आई, कुठला गुडघा?"

"डावा."

"प्रभू, ही आई. औशाहून आलीय. डावा गुडघा." इथं ते अडले. डोळे उघडून म्हणाले, "आई, जिना चढताना जास्त दुखतो की उतरताना?"

"उतरताना बाबा. चढताना ठीक हाय."

"प्रभू, उतरताना." पुन्हा अडले. नर्स घड्याळ बघायला लागली. "तिला भीती वाटते. मला माझ्या डोळ्यांची वाटते, म्हणून मला कळतं. डॉक्टरांचा हात सांभाळ. हिला चालव. येशूच्या नावानं मागतो. आमेन."

आई म्हणाली, "कालचं लई गोड व्हतं, कीर्तनावानी. पर आज माज्या गुडघ्याचं बोललास." आणि मला म्हणाली, "चल रे, सांग त्या डाक्टरला, मी तयार हाय." तेव्हा मला स्वतःचाच राग आला. माणसाची अडचण सोडवायला निघालो होतो आणि त्याचं कामच काढून घेतलं होतं.

मग मी ॲपला नव्यानं कामाला लावलं. फक्त नाव वाचायचं, दोष वाचायचा, आणि गप्प बसायचं. काकांनी आमेन म्हटलं की पुढचं. हे एवढं साधं काम त्या यंत्राला सगळ्यात जड गेलं. मध्येच ते म्हणायचं, तुमची प्रार्थना अतिशय हृदयस्पर्शी आहे, आणखी काही मदत करू का? काका भर बसमध्ये त्याला दटावायचे, "तू वाच फक्त. बोलायचं मी बघतो." अख्खी बस हसायची. आठवडाभर खटपट केल्यावर ते गप्प राहायला शिकलं. तळवड्यापर्यंत आजारी, पुढे नोकरीवाले, सगळं परत रुळावर आलं. ते सांगायचे, मी रजिस्टरात लिहायचो; नोंदी वाढायला लागल्या, ओके वाढायला लागले. आईच्या शेऱ्यात मात्र काकांनी ओके लिहू दिलं नाही. म्हणाले, नग वापरात असेपर्यंत लक्ष ठेवायचं.

निवृत्त झाल्यावर ते तळेगावला मुलीकडे राहायला गेले. मी जाईन जाईन म्हणत राहिलो. शिफ्ट, ओव्हरटाइम, पोरांच्या परीक्षा, कारणांना काय तोटा. त्यातच मागच्या वर्षी श्रावणात आई गेली. झोपेत, काही त्रास न होता. काकांना कळवायचं माझ्याकडून राहिलं, आणि एकदा राहिल्यावर मग कोणत्या तोंडानं सांगू म्हणून राहतच गेलं. शेवटी या दिवाळीनंतर एका रविवारी गेलो.

काका गॅलरीत खुर्चीवर बसले होते. दोन्ही डोळे गेले होते, पण मी चप्पल काढली तेवढ्यावर त्यांनी मला ओळखलं. "मेंटेनन्सवाल्या, पाय घासत चालायची सवय अजून गेली नाही तुझी." फोन खिडकीत धूळ खात पडलेला दिसला. मला वाटलं बिघडला. पुन्हा हात शिवशिवले.

"राहू दे," काका म्हणाले. "पावसाळ्यापासून बंद आहे. रोज वाचून वाचून त्यानं मला पाठ करून दिलं सगळं. आता त्याला कशाला त्रास?"

"तीनशे नावं पाठ?"

"सकाळची अजून व्हायची आहेत. बस."

मुलीनं चहा आणून ठेवला. काकांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. स्टोअरवाल्याचं पोट, जेवणानंतर, वरच्या बाजूला. कॅन्टीनवाल्याच्या मुलीची शुगर. प्रत्येक नावामागे तेच साधं बोलणं, तेच अडखळणं. मी कप हातात धरून ऐकत होतो. पुढे कोणतं नाव येणार ते मला माहीत होतं.

"प्रभू, औशाची आई. डावा गुडघा. जिना उतरताना तिला..."

"काका," मी म्हणालो. "आई गेली. सव्वा वर्ष झालं."

ते थांबले. "मला कळवलं नाहीस."

"नाही कळवलं. चुकलं माझं."

त्यांनी रागाचा एक शब्द काढला नाही. हात गुडघ्यांवर ठेवले. मग माझ्या दिशेनं तोंड करून त्यांनी विचारलं, "शेवटपर्यंत चालत होती का?"

"हो. आदल्या दिवशी दोन जिने उतरून स्वतः भाजी आणली होती."

"उतरून?"

"उतरून, काका."

त्यांचा चेहरा असा काही खुलला, की मला तिथं रडू आवरेना. आई गेल्यावर मी रडलोच नव्हतो. काका म्हणाले, "मग आता तिच्यासाठी मागायचं काही उरलं नाही. आभार मानायचे." आणि त्यांनी आभार मानले. औशाचे, भाजीचे, दोन जिन्यांचे. माझं रडणं थांबेपर्यंत ते पुढे गेले नाहीत. मग आमेन म्हणून त्यांनी पुढचं नाव घेतलं. ते त्यांच्या बिल्डिंगच्या नव्या वॉचमनचं होतं, गेल्याच आठवड्यात कामाला लागलेल्या. उजवा खांदा, गेट ओढताना.