नकाशावरची माहेरची नावं

इथे असे अनुभव लिहिणारे बहुतेक जण 'माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता' असं म्हणून सुरुवात करतात. माझा तर आजही नाही. भूत, चकवा, लागीर... यातलं काही मी मानत नाही. हे लिहितेय ते भीती वाटली म्हणून नाही, राग आला म्हणून. आणि तो अजून उतरलेला नाही.

मी बारामतीत राहते. इंग्लिश मीडियमला शिकले, त्यामुळे लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या. लोणी देवकरच्या एमआयडीसीत एका पशुखाद्य कंपनीत डेटा अ‍ॅनालिस्ट आहे. गावोगावचे दुकानदार मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये नोंद करतात – कुणी नेलं, काय नेलं, फोन नंबर काय. ते सगळं क्लाउडवरच्या डेटा वेअरहाउसमध्ये जमा होतं. म्हणजे इंटरनेटवरचं एक गोदामच समजा, पोत्यांऐवजी माहितीचं. त्यातून मी नकाशा बनवते. जितकी गिऱ्हाइकं तितके गोल. गोलावर बोट नेलं की नाव दिसतं. गोल बघून ठरतं की जाहिरात कुठे करायची, शिबिर कुठे घ्यायचं, माणूस कुठे पाठवायचा. आणि कुठून काढून घ्यायचा, तेही.

आमचे मार्केटिंगचे साहेब पुण्याहून आलेले. त्यांनी आल्या आल्या नियम केला : एक मोबाइल नंबर म्हणजे एक गिऱ्हाईक. त्याच नंबरच्या बाकी नोंदी त्याच्यात मिसळून टाकायच्या.

मी एकदा, एकदाच, म्हटलं, "सर, गावात एक फोन बरेच जण वापरतात."

त्यांनी मान वर न करता विचारलं, "डेटा एक म्हणतोय. तू डेटाशी भांडणार?"

मी नियम लावून दिला. मी बहुतेक वेळा गप्पच बसते.

त्या नियमाने मोरगावच्या बाजूचं एक गाव नकाशावर एका गोलाएवढं उरलं. साहेबांनी निष्कर्ष काढला : तिथे एकच मोठा गोठेवाला आहे, त्याला फोन केला की भागतं, सुनंदाताईंची फेरी बंद करा.

सुनंदाताई आमच्या फील्डवरच्या. त्या कोरडवाहू पट्ट्यात स्कूटीवरून गोठ्यागोठ्यात जातात, गाभण गाईला काय घालायचं, सड सुजून दगडी झाली तर काय करायचं, ते बायकांना दाखवतात. फेरी बंद म्हणजे त्यांची नोकरी बंद. हे साहेबांना माहीत होतं. "सेंटिमेंटवर मार्केटिंग होत नाही," एवढंच ते म्हणाले.

मग मालकांसमोर मीटिंग झाली. मालकांना सगळे आबा म्हणतात. दुपारची वेळ, चहा आलेला, खिडकीतून पेंडीचा वास. साहेब बोलत होते, लॅपटॉप मी चालवत होते. त्या गावाचा गोल मी मोठा करून दाखवला...

आणि तो फुटला. दुसरा शब्द सुचत नाही. एका गोलाचे कितीतरी लहान गोल झाले आणि प्रत्येकावर आपोआप नाव आलं. हौसा. छबू. विमल. बेबी. अजून बरीच. सगळी बायकांची, नुसती, पुढे नवऱ्याचं नाव नाही की आडनाव नाही. एक गोल तर पार दुसरीकडे, इंदापूर तालुक्यात बावड्यावर होता. मालन. बावडा माझं आजोळ, म्हणून तो लक्षात राहिला.

मी पटकन फोनवर फोटो काढला.

"हे काय लावलंय?" साहेब ओरडले. "बावड्यात आपलं एकही गिऱ्हाईक नाही! टेस्ट डेटा उघडलास का? आबा, सॉरी... कॉन्व्हेंटच्या मुली, सगळं येतं, फक्त काम सोडून."

सगळे हसले. मी पान रिफ्रेश केलं, तर पुन्हा एकच गोल.

त्यानंतर मी वेअरहाउस उलटंपालटं केलं. ती नावं कुठल्याच टेबलात नव्हती. कधी नव्हतीच, कारण दुकानदार नोंद करतो ती नवऱ्याच्या नावाने. पुण्याच्या सॉफ्टवेअर व्हेंडरला फोन केला तर म्हणे, "मॅडम, कॅशेमधलं जुनं काहीतरी आलं असेल." कॅशे म्हणजे सिस्टीमने तात्पुरती जपून ठेवलेली जुनी माहिती. अहो, जे कधी भरलंच नाही ते जुनं कुठून होणार? आणि फोनमधल्या फोटोत... एकच गोल. तुम्ही विचारायच्या आत सांगते, एडिट केलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि सुनंदाताईंच्या स्कूटीवर मागे बसून त्या गावात गेले. ताई बायकांशी बोलल्या, मी बघत राहिले. दुकानातून पेंड नेणाऱ्या सगळ्या एका गोठ्यापाशी जमल्या होत्या. अखेर मीच धीर करून विचारलं, "इथे हौसा कोण आहे?"

"न्हाय बया हितं कुणी हौसा," एक तरुण सून म्हणाली.

पण शेण काढणारी तिची सासू थांबली. हातातलं घमेलं खाली ठेवलं. "तुला कुणी सांगितलं गं?"

"म्हणजे?"

"मी हाय हौसा. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिवलं, तवापास्नं मी पारूबाई. आई गेल्यावर हौसा म्हणणारं कुणी उरलं न्हाय."

मी पुढची नावं घेतली. छबू. विमल. आधी हशा झाला – "आगं, ही छबू हाय व्हय! आमी तिला सुवर्णा म्हणतोय!" – आणि मग हसू हळूहळू विरलं. एकीने पदर तोंडाला लावला. बेबी मात्र लाजून गोठ्यातच शिरली.

"ताई, तुमचं पण बदललं?" मी हळूच विचारलं.

"न्हाय. आमच्या ह्यांना लिहायचाच कंटाळा," सुनंदाताई म्हणाल्या. पण त्यांच्या हातावर काटा आलेला मला दिसला.

परत येऊन साहेबांना हे सांगितलं तर ते हसले. "आता देवऋषी ठेवायचा का अ‍ॅनालिटिक्सला?"

तेव्हा माझं डोकंच फिरलं. ते फेरी बंद करायच्या कागदावर आबांची फायनल सही घ्यायला निघाले तशी मीही मागून गेले. नावांचं काहीच बोलले नाही, कोण ऐकणार? एवढंच म्हटलं, "आबा, तो नंबर एका गोठ्याचा नाही. दुकानदाराला विचारा." माझा आवाज इतका चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

आबांनी स्पीकरवर फोन लावला. "काय रे, पेंड नेणाऱ्यांच्या पुढं नंबर कुणाचा टाकतोस?"

"माझाच की, आबा! बायांकडं कुठला आलाय फोन? नंबर न्हाय दिला तर तुमचं अ‍ॅप म्होरं सरकत न्हाय."

"आन् गोठे?"

"अख्खी वस्ती हाय की!"

आबांनी साहेबांकडे पाहिलं. सही झाली नाही. सुनंदाताईंची फेरी चालू राहिली.

तरी राग का? कारण त्याच आठवड्यात साहेबांनी पुण्याला मेल पाठवला – 'ग्रामीण महिला ग्राहकांबाबत आमचा नवा शोध'. आमचा! आणि मी जेव्हा म्हटलं की अ‍ॅपमध्ये आता बायकांची स्वतःची नावं घेऊ, तेव्हा म्हणाले, "त्याने काय फरक पडतो? नवऱ्याचं आहे ना."

त्या संध्याकाळी घरी आले तर आई चपात्या लाटत होती. शाळेपासून प्रत्येक फॉर्मवर मी 'मदर्स नेम' पुढे स्मिता लिहीत आले. आजी-आजोबा मला आठवत नाहीत, मामा तिला अक्काच म्हणतात. मी कधी विचारलंच नव्हतं.

"आई, लग्नाआधी तुझं नाव काय होतं?"

"आज काय मध्येच?" तिने चपाती उलटली. "मालन."

आमच्याकडे ना गोठा, ना गाय. आमच्या घरातलं कुणीही त्या वेअरहाउसमध्ये नाही, मी पुन्हा पुन्हा तपासलंय. तुमच्यापैकी कुणी या क्षेत्रातलं असेल तर जरूर सांगा. फक्त 'कॅशे' म्हणू नका.