कारण न लिहिलेला अर्ज

“नवऱ्याचा अंगठा हाय ना? मंग कोयता झाला,” असे म्हणून टोळीच्या मुकादमाने मी लिहिलेला अर्ज माझ्याच हातात परत दिला.

आम्ही उभे होतो एका सहकारी साखर कारखान्याच्या दवाखान्यात. दुष्काळामुळे कारखाना त्या वर्षी बंदच होता आणि परळी तालुक्यातल्या टोळ्या ऊसतोडीसाठी परजिल्ह्यात निघाल्या होत्या. निघण्यापूर्वी त्यांतील बायकांवर रक्तवाढीच्या नव्या इंजेक्शनची ट्रायल व्हायची होती. ट्रायल म्हणजे औषध बाजारात येण्यापूर्वी माणसांना देऊन परिणाम पाहणे. त्यासाठी त्या माणसाची संमती आधी घ्यावी लागते.

येथे कोयत्याचा अर्थ सांगणे अगत्याचे आहे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, एक, अंगठा एक, आणि तो नवऱ्याचा. मुकादमाने बायकांची संमतीपत्रेही त्याच रिवाजाने भरून दिली होती. त्यात त्याला गैर वाटले नव्हते, नवऱ्यांनाही नाही.

आदल्या दिवशी टोळीतली इंदूबाई (नाव बदलले आहे) तहसीलसमोरच्या माझ्या अर्जलेखनाच्या टेबलापाशी आली होती.

“दादा, सुई माझ्या दंडात जाणार, अन् अंगठा ह्यांचा कावून?”

“नाव कमी करण्याचा अर्ज करू. कारण सांगा.”

“कारण न्हाई लिहायचं.”

माझे शिक्षण नववीपर्यंतचे असले तरी माझ्या मसुद्याला तहसीलात मान आहे. कारणाशिवाय अर्ज मी कधी लिहिला नाही, हे मी तिला बजावले. तेव्हा ती जवळ सरकून हळू बोलली.

“मला दिवस गेल्यात. नर्सबाईनं इचारलं तवा मुकादम बाजूलाच हुता, म्हून न्हाई म्हनले. त्याला कळलं तर आमचा कोयता नेनार न्हाई. अन् त्या सुईनं लेकराला काय झालं तर?”

मी तिला मिळालेली संमतीपत्राची प्रत मागून घेतली. त्यात लिहिले होते, भाग घेणाऱ्या व्यक्तीस कोणतेही कारण न देता केव्हाही बाहेर पडता येईल. इतका स्वच्छ मसुदा माझ्या पाहण्यात क्वचितच येतो. मी अर्जात एकच वाक्य लिहिले: ‘अर्जदारास इच्छा नाही.’

तोच अर्ज मुकादमाने परत केला होता. मी इंदूबाईला घेऊन थेट डॉक्टरांच्या खोलीत गेलो. मुकादम मागोमाग आला.

डॉक्टर शहरातले, तरुण होते. “यांचं रक्त फार कमी आहे. फायदा यांचाच आहे. नको का म्हणतात?”

“अर्जदारास इच्छा नाही.”

“पण कारण?”

“नखरे, साहेब! काय गं, कावून नको? बोल की!” मुकादम म्हणाला.

इंदूबाईने पदर घट्ट धरला.

“डॉक्टरसाहेब, आपल्याच कागदातील कलम ऐकावे,” असे म्हणून मी ते मोठ्याने वाचले. नंतर अंगठा कोणाचा, तेही दाखवले.

डॉक्टरांनी कागद माझ्या हातातून घेतला. अंगठ्याचा ठसा पाहिला.

“मुकादम, बाहेर थांबा.”

“माझी मान्सं हायती, साहेब.”

“म्हणूनच.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुम्हीही.”

मी तोंडी आक्षेप नोंदवला आणि बाहेर गेलो.

इंदूबाई बाहेर आली ती पदरात लोहाच्या गोळ्या घेऊन. मुकादमाने विचारताच म्हणाली, “अशक्तपना हाय, म्हून दिल्यात. सुई न्हाई.” याहून अधिक त्याला कधीच कळले नाही.

नवऱ्यांच्या अंगठ्यांची सर्व संमतीपत्रे डॉक्टरांनी रद्द केली. प्रत्येक बाईला एकटीला आत बोलावून नव्याने विचारले. काही राहिल्या, काही निघाल्या. इंदूबाईचा कोयता ठरल्या दिवशी टोळीबरोबर गेला.

माझा अर्ज मात्र डॉक्टरांनी ठेवून घेतला नाही. “नको म्हणायला अर्ज लागत नाही,” असे ते म्हणाले. व्यवसायाच्या दृष्टीने हे मत मला पसंत नाही. तरीही दवाखान्याचा कागद घेऊन एखादी बाई आली की मी तिला आधी तेच सांगतो, आणि पेनाला टोपण लावतो.